रक्तपेढीत निघण्यापूर्वी: रक्तगट, जुळणी आणि रक्ताची पिशवी रुग्णापर्यंत नेण्याचा क्रम

आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत रुग्णाला रक्त लागणार असे ठरले की एक मागणीपत्र आणि रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या नातेवाइकाच्या हातात दिल्या जातात आणि ‘रक्तपेढीत जाऊन या’ एवढेच सांगितले जाते. त्या क्षणापासून पिशवी खाटेजवळ टांगली जाईपर्यंतच्या साखळीत वैद्यकीय शिक्षण नसलेला एकमेव माणूस म्हणजे तुम्ही असता, आणि तरीही नमुना आणि रक्त या दोन्ही वस्तू तुमच्याच हातातून जातात. आईच्या दीर्घ आजारपणात निरनिराळ्या रक्तपेढ्यांच्या खिडक्यांसमोर उभे राहून आणि तेथील तंत्रज्ञांना प्रश्न विचारून मी जे शिकले, ते ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी येथे क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. रक्तगट सारखा असणे आणि रक्त जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळणी ही त्या विशिष्ट रुग्णाच्या नमुन्याची आणि त्या विशिष्ट पिशवीची असते. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याच्या घटना पाहिल्या, तर त्यांचे मूळ दुर्मीळ गटात क्वचितच सापडते. ते बहुधा चुकीचे नाव लिहिलेल्या नळीत किंवा चुकीच्या खाटेजवळ पोचलेल्या पिशवीत सापडते. रक्त द्यायचे की नाही आणि किती द्यायचे हा निर्णय डॉक्टरांचाच आहे, परंतु नाव आणि क्रमांक तपासण्याच्या कामात नातेवाईक खरोखर मदत करू शकतो.

१. आधी गटांचा हिशेब समजून घ्या

व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसांच्या रक्ताचे तीन गट दाखवून दिले आणि १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा, म्हणजे एबी हा गट सापडला. लाल पेशींच्या पृष्ठभागावर ए हा प्रतिजन (पेशीची ओळख ठरवणारा रेणू) असेल तर गट ए, बी असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि दोन्ही नसतील तर ओ. जो प्रतिजन आपल्या पेशींवर नसतो, त्याच्या विरोधातील प्रतिपिंडे (परक्या पेशींना चिकटणारी संरक्षक प्रथिने) आपल्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातील पिवळसर द्रवात, असतात, आणि ती तयार होण्यासाठी पूर्वी कोणाचे रक्त घेतलेले असावे लागत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती आपोआप तयार होऊ लागतात. म्हणूनच आयुष्यातली पहिलीच पिशवी चुकीची असली तरी ती जिवावर बेतू शकते. ए गटाच्या रुग्णाला बी गटाच्या पेशी दिल्या तर त्याच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या पेशींना चिकटतात, पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन मोकळे होऊन मूत्रपिंडांवर भार येतो, रक्तदाब कोसळतो आणि रक्त गोठण्याची यंत्रणाही बिघडते. हे सारे सुरू होण्यास थोडेसे रक्तही पुरते.

लाल पेशी देताना चालणारे गट असे आहेत:

• रुग्ण ओ: फक्त ओ.
• रुग्ण ए: ए आणि ओ.
• रुग्ण बी: बी आणि ओ.
• रुग्ण एबी: चारही गट.

प्लाझ्मा देताना हाच हिशेब उलटा होतो, कारण तेथे पेशी नव्हे, प्रतिपिंडे रुग्णाच्या शरीरात जात असतात:

• रुग्ण एबी: फक्त एबी.
• रुग्ण ए: ए आणि एबी.
• रुग्ण बी: बी आणि एबी.
• रुग्ण ओ: चारही गट.

‘ओ गट सर्वांना चालतो’ हे वाक्य शाळेपासून आपल्या तोंडी बसलेले आहे, परंतु ते केवळ लाल पेशींपुरते खरे आहे. ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी या दोन्हींच्या विरोधातील प्रतिपिंडे असतात, त्यामुळे तो प्लाझ्मा अन्य तिन्ही गटांच्या रुग्णांसाठी अयोग्य ठरतो.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह हा भाग आरएच गटाचा, त्यातही डी या प्रतिजनाचा आहे. आरएचचा शोध १९४० साली लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी जाहीर केला. येथे एक महत्त्वाचा फरक आहे: डी-विरोधी प्रतिपिंडे जन्मतः नसतात; निगेटिव्ह व्यक्तीच्या शरीरात पॉझिटिव्ह पेशी गेल्यानंतरच ती तयार होऊ शकतात. निगेटिव्ह रुग्णाला शक्यतो निगेटिव्ह पेशीच देतात, पॉझिटिव्ह रुग्णाला दोन्ही चालतात. भारतात ओ आणि बी हे गट सर्वाधिक आढळतात आणि निगेटिव्ह व्यक्तींचे प्रमाण साधारण शेकडा पाच आहे, त्यामुळे निगेटिव्ह पिशवी शोधण्यास वेळ लागेल हे गृहीत धरूनच नियोजन करावे.

२. मागणीपत्रावर कोणता घटक लिहिला आहे ते विचारून घ्या

‘रक्ताची बाटली’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु आज दात्याने दिलेले रक्त बहुधा जसेच्या तसे चढवले जात नाही. त्याचे घटक वेगळे केले जातात आणि ज्या रुग्णाला जे हवे तेवढेच दिले जाते. रक्तपेढीच्या खिडकीवर पहिला प्रश्न हाच विचारला जातो, म्हणून वॉर्डमधून निघण्यापूर्वीच उत्तर ठाऊक असावे.

पॅक सेल म्हणजे केवळ लाल पेशी. हिमोग्लोबिन कमी झाले असेल किंवा शस्त्रक्रियेत रक्त गेले असेल तर त्या लागतात. एका पिशवीने प्रौढ रुग्णाचे हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढते, म्हणून दोन पिशव्या देऊनही अहवालातील आकडा पाच-सहाने वर जाईल अशी अपेक्षा धरू नये. या पिशव्या २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात आणि पिशवीतील संरक्षक द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात.

एफएफपी म्हणजे गोठवलेला ताजा प्लाझ्मा. रक्त गोठवणारे घटक कमी झाले असतील तेव्हा तो देतात. तो वितळवण्यासाठी वेळ लागतो आणि एकदा वितळवल्यानंतर तो पुन्हा गोठवता येत नाही, त्यामुळे वॉर्डमधून ‘आता चढवायचे आहे’ असा निरोप आल्याखेरीज रक्तपेढीला वितळवण्यास सांगू नये.

प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यास मदत करणाऱ्या बारीक पेशी, खोलीच्या तापमानाला, २० ते २४ अंशांना, सतत हलत्या यंत्रावर ठेवतात आणि त्यांचे आयुष्य अवघे पाच दिवसांचे असते. डेंग्यूच्या हंगामात त्या मिळत नाहीत याचे एक मोठे कारण हेच आहे: साठा करून ठेवण्याची सोयच नाही. त्यात दोन प्रकार आहेत. साध्या रक्तदानातून वेगळी केलेली छोटी पिशवी, आणि एकाच दात्याला यंत्राशी जोडून काढलेली मोठी पिशवी, जिला एसडीपी म्हणतात. एका एसडीपीत अनेक छोट्या पिशव्यांइतक्या प्लेटलेट असतात, परंतु तिचा खर्चही कितीतरी अधिक असतो. डॉक्टरांना नेमके कोणते हवे आहे ते मागणीपत्रावर लिहून घ्यावे, कारण खिडकीवरून पुन्हा वॉर्डात धावण्यात जाणारा वेळ रुग्णाचा असतो.

३. नमुना खाटेजवळच, नाव विचारून घेतला जाईल असे पाहा

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत नाजूक पायरी मी हीच मानते, आणि नेमकी हीच सर्वांत घाईत उरकली जाते. रक्त काढणाऱ्या व्यक्तीने रुग्णाला त्याचे पूर्ण नाव विचारावे. ‘तुम्हीच पाटील ना?’ असे विचारले तर अर्धवट गुंगीतला रुग्ण होकारार्थी मान हलवतो. नाव मनगटावरील पट्टीशी आणि केसपेपरवरील नोंदणी क्रमांकाशी पडताळले जावे. नळीवर नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही हे सर्व रक्त काढल्यानंतर लगेच, खाटेजवळच लिहिले गेले पाहिजे. आधीच नाव लिहून ठेवलेल्या रिकाम्या नळ्यांचा गठ्ठा, किंवा टेबलावर नेऊन मागाहून चिकटवलेली लेबले, यांतूनच अदलाबदल होते.

नळ्या हातात आल्यावर त्यांवरील नाव आणि मागणीपत्रावरील नाव अक्षरशः एकच आहे का ते वाचा. एका ठिकाणी ‘सुनीता रमेश जाधव’ आणि दुसरीकडे ‘सुनिता आर. जाधव’ असे असेल तर चांगली रक्तपेढी नमुना परत पाठवते. त्या वेळी राग येतो हे मला ठाऊक आहे, पण असा नमुना परत पाठवणाऱ्या रक्तपेढीवर अधिक विश्वास ठेवावा. काही ठिकाणी नव्या रुग्णाचा गट पक्का करण्यासाठी वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुनाही मागतात. पहिल्याच वेळी काढलेले रक्त दोन नळ्यांत भरून ‘दोन नमुने’ म्हणून देणे म्हणजे त्या तपासणीचा अर्थच काढून टाकणे होय.

क्रॉसमॅचसाठीचा, म्हणजे पिशवीशी जुळणी तपासण्यासाठीचा, नमुना साधारणपणे ७२ तासांपर्यंतच ग्राह्य धरतात, विशेषतः रुग्णाला अलीकडे रक्त दिले असेल किंवा ती गर्भवती असेल तर, कारण या काळात नवी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. गेल्या आठवड्यातील नमुन्यावर आज पिशवी मिळेल असे समजू नये.

४. सोबत काय न्यावे

• डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाचा शिक्का असलेले मागणीपत्र. त्यावर निदान, हिमोग्लोबिन, हवा असलेला घटक, पिशव्यांची संख्या आणि निकड लिहिलेली असावी.
• नाव घातलेल्या नमुन्याच्या नळ्या.
• केसपेपरची प्रत आणि तुमचे स्वतःचे ओळखपत्र.
• पूर्वी रक्त चढवले असल्यास त्याची कागदपत्रे, आणि पूर्वी रक्त जुळण्यात अडचण आली असेल तर तो अहवाल.
• थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा हिमोफिलियाच्या रुग्णाचे ओळखपत्र.
• थर्माकोलची किंवा तत्सम थंड पेटी. बर्फाऐवजी गार केलेले जेल पॅक बरे.
• वॉर्डमधील सिस्टरांचा किंवा निवासी डॉक्टरांचा फोन नंबर.

मागणीपत्रावर पूर्वीच्या रक्तसंक्रमणाची आणि स्त्री रुग्ण असल्यास गर्भारपण व गर्भपाताची माहिती विचारलेली असते. हा रकाना पुष्कळदा कोराच राहतो. तो तुम्ही आठवून भरून घ्या, कारण नेहमीच्या गटांपलीकडची प्रतिपिंडे याच प्रसंगांतून तयार झालेली असतात.

ड्रायव्हिंग लायसन्सवरचा, शाळेच्या ओळखपत्रावरचा किंवा कुटुंबात सगळ्यांना पाठ असलेला गट रक्तपेढीला सांगायला हरकत नाही, परंतु त्यावरून रक्त दिले जात नाही आणि दिले जाऊही नये. तपासलेला गट आणि तुम्हाला ठाऊक असलेला गट यांत तफावत आली तर गप्प न बसता ती लगेच सांगावी. नमुन्याची अदलाबदल कधीकधी याच बोलण्यातून उघडकीस येते.

५. रक्तपेढीत काय चालते आणि वेळ का लागतो

नमुना घेतल्यावर तंत्रज्ञ गट दोन बाजूंनी तपासतात. प्रथम रुग्णाच्या पेशींवर ज्ञात प्रतिपिंडे टाकून कोणता प्रतिजन आहे हे पाहतात, आणि नंतर रुग्णाच्या प्लाझ्मात ज्ञात ए आणि बी पेशी टाकून कोणती प्रतिपिंडे आहेत हे पाहतात. दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली तरच गट निश्चित होतो. तान्ह्या बाळांत दुसरी बाजू ग्राह्य नसते, कारण त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे आईकडून आलेली असू शकतात.

त्यानंतर येतो क्रॉसमॅच. रुग्णाचा प्लाझ्मा किंवा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) आणि निवडलेल्या पिशवीतील पेशी एकत्र करून, ३७ अंशांना ठेवून, पेशी फुटतात का किंवा त्यांच्या गुठळ्या होतात का हे पाहिले जाते. ए, बी आणि डी यांखेरीज केल, डफी, किड अशा अनेक गटप्रणाली आहेत. आज चाळीसहून अधिक प्रणालींना मान्यता आहे. म्हणूनच ‘आमचाही बी पॉझिटिव्ह आणि पिशवीही बी पॉझिटिव्ह, मग अजून कशाची वाट पाहता?’ या प्रश्नाचे उत्तर क्रॉसमॅच हेच आहे. सर्व सुरळीत असेल तर साधारण पाऊण ते एक तास लागतो. जुळले नाही तर पुढच्या पिशव्या तपासाव्या लागतात, आणि प्रतिपिंड कोणते हे शोधायचे असेल तर आणखी बराच वेळ लागतो. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर नमुना आदल्या दिवशीच पोचवणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

जीव वाचवण्यासाठी थांबणेच शक्य नसेल, तर डॉक्टर लेखी जबाबदारी घेऊन क्रॉसमॅच पूर्ण होण्यापूर्वीच ओ गटाच्या लाल पेशी मागवू शकतात. हा निर्णय नातेवाइकाच्या आग्रहावरून होत नाही.

पैशांविषयीही स्पष्ट असावे. रक्ताची किंमत आकारता येत नाही. संकलन, चाचण्या आणि साठवण यांचे प्रक्रिया शुल्क तेवढे आकारले जाते. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार लाल पेशींच्या पिशवीसाठी सरकारी रक्तपेढीत १,१०० रुपये आणि खाजगी रक्तपेढीत १,५५० रुपये ही कमाल मर्यादा आहे. नॅटसारख्या (विषाणूंचे जनुकीय अंश थेट शोधणारी चाचणी) अधिकच्या चाचण्यांचे शुल्क वेगळे असू शकते. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांकडून हे शुल्क घेतले जाऊ नये असा परिषदेचा निर्देश आहे, म्हणून ओळखपत्र आधी दाखवावे. रुग्ण महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून दाखल असेल तर पैसे भरण्यापूर्वी आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला) भेटावे. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यावी.

६. ‘रक्तदाता घेऊन या’ असे सांगितले तर

प्रत्येक दानाच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे. त्यामुळे आज दुपारी तुमच्या चुलतभावाने दिलेले रक्त आज संध्याकाळी तुमच्याच रुग्णाला मिळेल ही कल्पना चुकीची आहे. रुग्णाला मिळते ते आधी तपासून ठेवलेल्या साठ्यातील रक्त, आणि भावाचे रक्त साठ्याची भरपाई करते. भरपाईसाठी आणलेला दाता रुग्णाच्याच गटाचा असण्याची गरज नसते.

२००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाची दिशा ऐच्छिक रक्तदानाची आहे आणि बदली दात्यांची पद्धत हळूहळू बंद करण्याची आहे. तरीही प्रत्यक्षात मागणी होते. दाता मिळत नसेल तर दबून न जाता तसे स्पष्ट सांगावे आणि रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटण्याची विनंती करावी. सर्वांत धोक्याची वाट म्हणजे बाहेर उभा राहून ‘मी दाता मिळवून देतो’ म्हणणारा अनोळखी माणूस. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशभर बंद झाली, कारण पैशांसाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

दाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेला असावा. पुरुषाने ९० आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवावे. उपाशीपोटी आलेल्या, रात्रभर जागलेल्या किंवा नुकताच ताप येऊन गेलेल्या माणसाला आग्रह करून आणू नये.

आता एक असा मुद्दा, जो बहुतेकांना आश्चर्याचा वाटतो. आई, वडील, मुलगा, सख्खा भाऊ यांचे रक्त रुग्णासाठी सर्वांत सुरक्षित असते अशी आपली समजूत आहे, पण वास्तव वेगळे आहे. जवळच्या रक्तनात्यातील दात्याच्या पांढऱ्या पेशींना रुग्णाचे शरीर परके म्हणून ओळखत नाही; त्या तेथे तग धरतात आणि रुग्णाच्याच ऊतींवर हल्ला करतात. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे, परंतु झाल्यास बहुधा प्राणघातक ठरते. अशी पिशवी वापरावीच लागली तर तिला आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया द्यावी लागते. तसेच पुढे मूल होऊ शकेल अशा वयाच्या पत्नीला पतीचे रक्त शक्यतो देऊ नये, कारण त्यातून तयार झालेली प्रतिपिंडे पुढील गर्भाला त्रास देऊ शकतात. नातेवाइकांनी अवश्य रक्तदान करावे, मात्र ते सर्वसाधारण साठ्यासाठी.

मोबाईलवर ‘तातडीने एबी निगेटिव्ह हवे’ असा निरोप पसरवण्यापूर्वी रक्तपेढीला विचारा की अन्य कोणता गट चालेल. लाल पेशीच हव्या असतील तर एबी निगेटिव्ह रुग्णाला ए, बी किंवा ओ निगेटिव्ह पेशीही चालू शकतात, हे वरच्या तक्त्यातून तुमच्या लक्षात आलेच असेल. कोणत्या रक्तपेढीत कोणता साठा आहे हे केंद्र सरकारच्या ई-रक्तकोश या संकेतस्थळावर दिसते; तेथे पाहून लगेच फोन करून खात्री करावी. निरोप पाठवलाच, तर रक्त मिळाल्यावर तो थांबवण्याचा निरोपही तितक्याच तत्परतेने पाठवावा.

७. पिशवी ताब्यात घेताना

पिशवीवरील लेबल आणि सोबतचा जुळणीचा कागद शेजारी धरून वाचा: रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, रुग्णाचा गट, पिशवीचा गट, पिशवी क्रमांक, मुदतीची तारीख. भारतात पिशवीच्या लेबलाचा रंगही ठरलेला आहे: ओसाठी निळा, एसाठी पिवळा, बीसाठी गुलाबी आणि एबीसाठी पांढरा. रंग केवळ मदतीला असतो. अक्षर वाचल्याशिवाय समाधान मानू नये. पिशवी गळत असेल, प्लाझ्मा लालसर किंवा रक्त काळपट-जांभळे दिसत असेल, गुठळ्या दिसत असतील तर ती घेऊ नये.

लाल पेशींची पिशवी थंड पेटीत न्यावी, पण थेट बर्फावर ठेवू नये. गोठलेल्या पेशी फुटतात. प्लेटलेट मात्र थंड पेटीत ठेवायच्याच नाहीत, त्या साध्या तापमानालाच न्याव्यात. एकाच वेळी दोन्ही आणायला गेलेले नातेवाईक सर्व पिशव्या एकत्र पेटीत भरतात, तेव्हा हे आठवणीने वेगळे ठेवा. वाटेत जेवायला थांबू नये, गाडीच्या डिकीत उन्हात पिशवी ठेवू नये, घरच्या किंवा वॉर्डातील औषधांच्या फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. पेटीबाहेर अर्ध्या तासाहून अधिक राहिलेली पिशवी रक्तपेढी परत घेऊन साठ्यात ठेवू शकत नाही. म्हणून दोन पिशव्या लागणार असतील तर वॉर्डाला विचारून शक्यतो एक-एक आणावी.

८. खाटेजवळ

रक्त चढवण्यापूर्वी संमतिपत्रावर सही घेतली जाते. ते वाचून, शंका विचारून सही करावी. पिशवी लावण्याआधी दोन कर्मचाऱ्यांनी रुग्णाची मनगटपट्टी, जुळणीचा कागद आणि पिशवी या तिन्हींची पडताळणी करायची असते. ती होताना दिसली नाही तर नम्रपणे, पण स्पष्टपणे म्हणावे, ‘सिस्टर, नाव आणि पिशवीचा नंबर एकदा मिळवून पाहूया का?’ हे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. रात्री दोन वाजता, एकाच वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण असताना, हा प्रश्न फार मोलाचा असतो.

रक्तासाठी जाळी असलेला वेगळा सेट वापरतात. त्याच नळीतून साध्या सलाइनखेरीज दुसरे काही देत नाहीत. रिंगर लॅक्टेटमधील कॅल्शियममुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि डेक्स्ट्रोजमुळे पेशी फुटू शकतात. पिशवी गार लागते म्हणून ती गरम पाण्यात बुडवणे किंवा उन्हात धरणे घातक आहे. पहिली पंधरा मिनिटे रक्त हळू सोडतात आणि त्या काळात नाडी, ताप आणि रक्तदाब पाहतात. लाल पेशींची पिशवी चार तासांच्या आत संपली पाहिजे. ‘सावकाश जाऊ द्या’ म्हणून ती रात्रभर टांगून ठेवण्यात जंतुसंसर्गाचा धोका आहे.

९. त्रास होऊ लागला तर

थंडी वाजून येणे, ताप, छातीत किंवा कंबरेत दुखणे, धाप लागणे, अंगावर पित्तासारख्या गांधी उठणे, सुई लावलेल्या जागी आग होणे, लघवी लाल होणे, किंवा रुग्णाने नुसते ‘मला काहीतरी विचित्र वाटते आहे’ असे म्हणणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच सिस्टरांना बोलवा आणि रक्त थांबवण्यास सांगा. ‘रक्त चढताना थोडी थंडी वाजतेच’ असे समजून थांबू नये. साधी प्रतिक्रिया आणि गंभीर प्रतिक्रिया सुरुवातीला सारख्याच दिसू शकतात. सुई काढत नाहीत, सलाइन चालू ठेवतात, आणि उरलेली पिशवी नव्या नमुन्यासह रक्तपेढीत परत पाठवतात. तेवढ्यासाठी ती पिशवी कचऱ्यात जाऊ देऊ नये. अशा घटनांची नोंद राष्ट्रीय पातळीवरील हिमोव्हिजिलन्स (रक्तसंक्रमणातील त्रासांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमात करण्याची व्यवस्था २०१२ पासून आहे, तेव्हा नोंद झाली का हे विचारण्यास संकोच करू नये.

१०. दोन विशेष प्रसंग

पहिला, आरएच निगेटिव्ह गर्भवतीचा. बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीच्या वेळी त्याच्या पेशी आईच्या रक्तात मिसळून तिच्यात डी-विरोधी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढील गर्भाच्या पेशी नष्ट करू शकतात. हे टाळण्यासाठी अँटी-डीचे इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भारपणात अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारासही देतात. गर्भपात झाला तरी ते लागू शकते, आणि घरात ‘बाळ तर राहिलेच नाही’ या दुःखात नेमके हेच राहून जाते. पहिल्याच तपासणीत गट करून घ्या आणि कार्डावर ठळक लिहून घ्या.

दुसरा प्रसंग आपल्या मुंबईच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या गटाचा. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत वर्णन केलेल्या बॉम्बे गटात ए आणि बी या दोन्हींचा पाया असलेला एच हा प्रतिजनच नसतो. पेशींवरची साधी तपासणी अशा माणसाला ओ ठरवते; पण त्याच्या प्लाझ्मात एच-विरोधी प्रतिपिंडे असल्यामुळे ओ गटाचे रक्तही त्याला चालत नाही, केवळ बॉम्बे गटाचेच चालते. भारतात सुमारे दहा हजारांत एक असे याचे प्रमाण सांगितले जाते. ‘ओ’ म्हणून सांगितलेल्या रुग्णाला एकही ओ पिशवी जुळत नसेल, तर ही शक्यता आहे आणि नमुना मोठ्या केंद्राकडे पाठवावा लागेल. हा गट निश्चित झाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्यावी, कारण आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक असते. दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव नोंदवावे. बॉम्बे गट असो वा क्रॉसमॅचमध्ये सापडलेले एखादे वेगळे प्रतिपिंड, त्याच्या अहवालाची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात आणि एक घरातील फायलीत ठेवावी, आणि पुढे कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की तारीख पक्की होण्यापूर्वीच ती प्रत रक्तपेढीत दाखवावी, म्हणजे पिशवी शोधण्यास त्यांना पुरेसे दिवस मिळतील.